सविस्तर सिद्धता पूर्ण आवृत्तीत

लायडन, १६ जानेवारी

सित्से,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच शेगडीत टाकायचा विचार असेल, तर जरा थांब. रुसवा काढायला लिहीत नाहीये. नऊ वर्षांनी लिहितेय ते कामापुरतंच.

त्या पारितोषिकाच्या निवड समितीवर यंदा मला घेतलंय. सैद्धांतिक संगणकशास्त्रातल्या, निदान दहा वर्षं मुरलेल्या एका पेपराला जे मिळतं आणि मिळाल्यावर माणूस आरशातसुद्धा स्वतःला 'प्रोफेसर' म्हणायला लागतो, ते. आम्ही तिघं आहोत. अध्यक्ष रूलोफ आब्रिंग. तोच, जो व्याख्यानभर पहिल्या रांगेत झोपतो आणि शेवटी उठून 'हे आणखी व्यापक करता येईल का?' असं विचारतो. दुसरी गेंटची लीव्हे. ती कुणाबद्दलच वाईट बोलत नाही, त्यामुळे तिच्या चांगल्या बोलण्याला काही किंमत उरलेली नाही. तिसरी मी, तोंडी लावायला.

यंदाची एकच शिफारस चर्चेत आहे. डीडेरिक ओल्डेवेल्ट. पेपर कोणता ते सांगायला नको.

तरी परवा तो पुन्हा काढून वाचला. अकरा पानं. कितीही गुंतलेलं जाळं असो, मोजक्या दोऱ्या कापून त्याचे आटोपशीर तुकडे करता येतात, आणि तेही झटपट, एवढंच म्हणणारं ते प्रमेय. फोनच्या मनोऱ्यांपासून औषधांच्या रेणूंपर्यंत जो उठतो तो ते वापरतो. आणि चौथ्या उपप्रमेयाखाली, जिथे खरं काम करायचं होतं तिथे, ते वाक्य: 'सविस्तर सिद्धता पूर्ण आवृत्तीत दिली जाईल.' सतरा वर्षं झाली. परिषदेत पानांची मर्यादा असते म्हणून हाडं छापायची आणि मांस मागाहून पाठवतो म्हणायचं, ही आपल्या धंद्याची रीतच आहे. पण इतका वेळ मांस आलं नाही तर खाटकाकडे जाऊन विचारायला नको का? कुणीही विचारलं नाही.

मांस आणायला डीडेरिकने तुला पाठवलं होतं. डॉक्टरेटची सगळी वर्षं तू त्यात घातलीस, आणि तुला सापडलं की चौथं उपप्रमेय चूक आहे. मग तू पार वेगळ्या वाटेने गेलास आणि प्रमेय खरोखर सिद्ध केलंस. नियतकालिकाने ते परत पाठवलं: 'निकाल सर्वज्ञात आहे. नवीन काही नाही.' सर्वज्ञात हा शब्द तू मला दोनदा वाचून दाखवलास, आवाज न चढवता. पंधरवड्यात आमेलांट बेटावरच्या शाळेत गणित शिकवायला निघून गेलास. जाताना म्हणालास, 'तूही एक दिवस त्यांच्या टेबलाशी बसून त्यांचं चीज खाशील.'

बसलेय. चीज वाईट आहे.

तुझी सिद्धता मला पाठव. ती समितीपुढे आली तर या प्रमेयाचं श्रेय देताना तुझं नाव गाळणं अवघड जाईल. नाही आली तर डीडेरिकचं नाव एकदाचं पितळेत कोरलं जाईल, आणि त्यानंतर तू काहीही छापलंस तरी ते सर्वज्ञातच राहील. निर्णय एप्रिलमध्ये आहे.

हिस्का

वाउटर आता इथे राहत नाही, लग्न मोडलं. तू विचारलं असतंस म्हणून लिहिलं. खरं तर तू विचारलं नसतंस.


लायडन, ११ फेब्रुवारी

सित्से,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला दीपगृह, दुसऱ्या बाजूला 'नको'. आमेलांटला शाईची टंचाई आहे का? काय नको ते तरी लिहायचंस. पत्र नको, की पारितोषिक नको, की मी नको? मी सोयीचा अर्थ घेतलाय आणि पुन्हा लिहितेय.

पहिली बैठक झाली, उट्रेक्टला. जेवायला पावात चीज आणि ताक. देशातल्या सगळ्यात हुशार माणसांना शोधणाऱ्यांना देश याहून जास्त काही खाऊ घालत नाही. आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे: उमेदवाराशी ज्याचा संबंध असेल त्याने चर्चेच्या वेळी उठून बाहेर जायचं.

'माझा आहे,' रूलोफ म्हणाला. 'डीडेरिक माझा गुरू. मी बाहेर थांबतो.'

'मी त्यांच्याबरोबर दोन पेपर लिहिलेत,' लीव्हे म्हणाली. 'चल, मी पण येते.'

'मी विद्यापीठात सित्से विआर्दाच्याच खोलीत बसायचे,' मी म्हटलं.

'कोण विआर्दा?'

'डीडेरिकचा विद्यार्थी. पूर्ण आवृत्ती त्याने लिहिली.'

'अच्छा, तो उंच. तो गेला ना?'

'आमेलांटला.'

'असं होय,' रूलोफ म्हणाला. 'मी भलतंच समजत होतो. मी कुणाकडे तरी हळहळसुद्धा व्यक्त केली होती.'

तर तू वारलेला नाहीस, ही बातमी मी अधिकृतपणे देऊन आले. मग ते दोघं बाहेर गेले आणि मी तीन माणसांच्या चीजबरोबर एकटी बसले. दार काचेचं आहे आणि रूलोफला हळू बोलता येत नाही. समारंभ लायडनलाच ठेवू, डीडेरिकला आता प्रवास झेपत नाही, फुलं पांढरी नकोत, हे सगळं बाहेर ठरलं. आत मी नियम पाळत होते.

परत आल्यावर रूलोफ म्हणाला, 'आम्ही विचार केला. तिघांचेही संबंध आहेत, तर ते एकमेकांना कापतात.'

'म्हणजे?'

'म्हणजे कुणाचाच नाही.' आणि मी न खाल्लेलं चीज त्याने उचललं.

मी विचारलं, 'चौथं उपप्रमेय आपल्यापैकी कुणी तपासलंय?'

'इतके लोक वापरतात गं,' लीव्हे म्हणाली. 'कुणीतरी तपासलंच असणार.'

'तू?'

'मी वापरलंय.'

सित्से, मी माणसांना टोमणे मारून पोट भरते असं तू म्हणायचास. त्या खोलीत टोमणासुद्धा सुचत नव्हता. उरलेलं ताक तेवढं मी बेसिनमध्ये ओतून आले. पाठव ती सिद्धता.

हिस्का


लायडन, ९ मार्च

सित्से,

उत्तर नाही. ठीक आहे. मला आता भिंतीशी बोलायची सवय झालीय. अकरा वर्षांचा संसार होता.

शनिवारी डीडेरिकचा सत्तरावा वाढदिवस झाला. खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि आपल्या डच रीतीप्रमाणे दारातून शिरताक्षणी प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन. मी बायकोचं अभिनंदन केलं, जावयाचं केलं, जावयाच्या आईचं केलं. रूलोफने माझं केलं. लीव्हे गेंटहून मुद्दाम आली होती. निवड समितीची पूर्ण गणसंख्या उमेदवाराच्या दिवाणखान्यात, मांडीवर केकची बशी घेऊन. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि मी सुद्धा दुसरा तुकडा घेतला असता, पण या घरात दुसरा तुकडा विचारत नाहीत.

मी त्याच्या शेजारची खुर्ची पकडली. 'पूर्ण आवृत्ती कुठवर आली, डीडेरिक?'

'येतेय, येतेय.' अगदी प्रेमाने म्हणाला. 'तुला घाई कसली गं?'

'चौथ्या उपप्रमेयाची सिद्धता बघायची होती.'

'हिस्का, घर मी बांधलं. आता कुठे फरशी पुसायची राहिली म्हणून घरच नाही असं कुणी म्हणतं का?'

'ती फरशी नाही, तुळई आहे. आणि मोडकी आहे.'

'सतरा वर्षांत छप्पर पडलं का?'

'सित्सेने खालून धरलंय म्हणून.'

'सित्से.' त्याने ते नाव केकमध्ये शोधल्यासारखं केलं. 'गुणी पोरगा. पण भित्रा. प्रत्येक पायरीवर थांबून खाली बघायचा. मी त्याला सांगायचो, बाबा रे, वर बघ. लग्न केलं का त्याने?'

'तुम्ही त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं,' डीडेरिकची बायको पलीकडून त्याला म्हणाली. मी आशेने वळले. 'आम्ही सुट्टीला गेलो की आमच्या मांजरीला किती सांभाळायचा. औषध सुद्धा द्यायचा बिचारा.'

तेवढं आहे त्या घरात तुझ्या नावावर. मांजर.

मी घरी आले आणि दोनदा दात घासले. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाला निदान ऊब असते. ही किळस आहे, आणि ती त्या माणसाचीच नाही. तो म्हातारा वाईट नाही, हेच तर ओंगळ आहे. त्याला खरंच वाटतं की ते त्याने सिद्ध केलंय.

तुला हे सगळं का कळवतेय? म्हणजे तू चिडशील. चिड, आणि पाठव.

हिस्का


लायडन, २२ एप्रिल

सित्से,

तुझ्या सिद्धतेचं पार्सल मिळाल्याचं कळवलं नाही, कारण तू वर चिठ्ठी लावली होतीस: 'दाखवायचं तर दाखव. पण आधी स्वतः वाच.' ईस्टरची सगळी सुट्टी वाचत होते.

चौथं उपप्रमेय चूक आहे हे दाखवणारं तुझं उदाहरण सात गाठींचं. बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर मावेल एवढं जाळं, आणि त्यात ओल्डेवेल्ट सपशेल आडवा. मला मोठ्याने हसू आलं. त्यानंतरची पानं मात्र मी हसत वाचली नाहीत. तू जाळं कापतच नाहीस. तू आधी ते आणखी गुंतवतोस, आणि मग ते आपणहून सुटतं. हे असं काही मी गेल्या कित्येक वर्षांत वाचलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तू सांगत होतास तेव्हा मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं, आणि मान मात्र मी पूर्ण हलवत होते.

आता जे झालं ते सांगते. मला वाटलं होतं, मी ते टेबलावर ठेवीन आणि शांतता पसरेल.

पसरली. रूलोफने चळत हातात घेऊन तोलली. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधल्या पानांवरून अंगठा फिरवला. 'म्हणजे,' तो म्हणाला, 'प्रमेय खरं आहे?'

'खरं आहे.'

'तुझी खात्री आहे? तू वाचलंस?'

'ओळ न ओळ.'

'देवा.' त्याने खुर्चीत पाठ टेकली. 'तू त्या दिवशी तुळई वगैरे बोललीस तेव्हापासून मला झोप नव्हती. मग आता अडचण काय आहे?'

'अडचण ही, की ते डीडेरिकने सिद्ध केलेलं नाही.'

'पण डीडेरिक म्हणाला ते बरोबरच निघालं ना?' लीव्हे म्हणाली. 'आणि किती छान, की त्याच्या विद्यार्थ्यानेच...'

'पारितोषिक पेपराला आहे,' रूलोफ म्हणाला. 'पेपरावर नाव एकाचं आहे. आपण नियमाबाहेर जाऊ शकत नाही.' फेब्रुवारीत ज्या तोंडाने त्याने हितसंबंध कापले त्याच तोंडाने.

दोन विरुद्ध एक. तुझ्या सिद्धतेने डीडेरिकला पारितोषिक मिळवून दिलं, सित्से. ती मी ठेवली नसती तर रूलोफ घाबरून कदाचित दुसरा पेपर शोधत बसला असता. मीच नेऊन दिली. त्यांना धीर आला.

आणि आता हे ऐक, पण आधी बस. संध्याकाळी डीडेरिकचा फोन. निर्णय गुप्त असतो, म्हणून त्याला तासाभरात कळला होता. म्हणाला, 'पोराला सांग, आपण ते दोघांच्या नावाने छापू. ओल्डेवेल्ट आणि विआर्दा. पूर्ण आवृत्ती म्हणून. एकदाचं ते डोक्यावरून उतरेल.' आपल्याकडे नावं वर्णानुक्रमाने लागतात. अत्यंत न्याय्य पद्धत. कुणी काय केलं ते कुणालाच कधी कळत नाही, इतकी न्याय्य. मी म्हटलं, कळवते. कळवलं.

यावर काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. मला सल्ला विचारू नकोस. माझ्या सल्ल्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

हिस्का


लायडन, २५ मे

सित्से,

तू डीडेरिकला उत्तर दिलं नाहीस, मलाही नाही. आणि मग समारंभाच्या आधी चार दिवस इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी एक पान टाकलंस. सात गाठी, खाली एक ओळ: 'ओल्डेवेल्टचं चौथं उपप्रमेय या जाळ्यावर खोटं ठरतं. स. विआर्दा, आमेलांट.' दुरुस्तीबद्दल अवाक्षर नाही. मी ते पान बघून स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

तू येणार नाहीस हे माहीत होतं. तरी दाराकडे बघत होते, एवढं सांगून ठेवते.

सभागृह भरलं होतं. फुलं पिवळी. डीडेरिकने चाळीस मिनिटं घर बांधल्याची गोष्ट सांगितली. मग प्रश्न. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेहून आलेला एक डेन उठला, हातात तुझं पान. 'या सात गाठींचं काय?'

सगळं सभागृह एकदम जागं झालं. रूलोफसुद्धा.

'छोटीशी चूक,' डीडेरिक म्हणाला. 'दुरुस्ती झालेली आहे.'

'ती कुठे वाचायला मिळेल?'

'हिस्काने वाचलीय. हिस्का, सांग त्यांना. प्रमेय खरं आहे की नाही?'

ध्वनिक्षेपक हातोहात माझ्यापर्यंत आला. मी तो घेतला. 'नाही' म्हटलं असतं तर तो म्हातारा तिथेच कोसळला असता, आणि मला ते बघायचं होतं. खोटं बोलणं मला जड जात नाही. पण ते तुझं प्रमेय आहे. त्याबद्दल खोटं बोलले असते तर तुझंच तोडलं असतं.

मी म्हटलं, 'प्रमेय खरं आहे. ते सित्से विआर्दाने सिद्ध केलंय. डीडेरिकना ते का खरं आहे हे अजून माहीत नाही.'

आणि सगळे हसले.

सित्से, सगळे. मनापासून. डीडेरिक सगळ्यात जास्त, डोळे पुसत. रूलोफ म्हणाला, 'हिस्काची जीभ सर्वांना ठाऊक आहेच,' आणि टाळ्या झाल्या, आणि त्या डेनने सुद्धा हसून मान हलवली आणि खाली बसला. मी आयुष्यात एकदा चारचौघांत, ध्वनिक्षेपकावर, टोमणा न मारता बोलले, आणि तो माझा सगळ्यात यशस्वी टोमणा ठरला. इतकी वर्षं त्यांना हसवून मी खरं बोलायची सोयच घालवून बसलेय. त्यांना मी तोंडी लावायला हवी होते, तशीच कामी आले.

नंतर कोटांच्या रांगेत लीव्हे म्हणाली, 'आज जरा जास्त झालं हं.' तिने कुणाबद्दल वाईट बोलल्याची ही पहिलीच नोंद.

मी समितीचा राजीनामा दिला. रूलोफने उत्तरात लिहिलं की मुदत तशीही संपत होती.

आता मी सांगते ते कर, आणि या वेळी 'नको' लिहून दीपगृह पाठवू नकोस. ती सगळी चौसष्ट पानं तू जिथे एक पान टाकलंस तिथेच टाक. एकट्याच्या नावाने. नियतकालिक नको, परीक्षक नको, आमच्यासारख्यांची परवानगी नको. तुझं वाचून जळणारी मी एकटीच का म्हणून?

हिस्का


लायडन, ३ जुलै

सित्से,

तुझं पत्र आलं. अख्खं पत्र, आठ ओळींचं, आणि त्यातल्या सहांत मला शिव्या. नऊ वर्षं वाट बघितली त्याचं सार्थक झालं.

क्रमाने घेते. तू चौसष्ट पानं टाकल्याला तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी डीडेरिकचा फोन. आवाज दुखावलेला. 'त्याने माझा उल्लेखसुद्धा केला नाही. एक ओळ सुद्धा नाही.'

'येईल,' मी म्हटलं. 'पूर्ण आवृत्तीत.'

या वेळी तो हसला नाही. आम्ही आता बोलत नाही. दुसरा आठवडा शांततेचा. रूलोफचं म्हणणं असं कानावर आलं की पेपर उत्तम आहे, पण निकाल सर्वज्ञात आहे, शिवाय त्याला पारितोषिकही मिळालंय. मी ते ऐकून घेतलं आणि लक्षात आलं की मला आता किळस येत नाहीये. नुसता कंटाळा आला होता, रद्दीवाला उशिरा आल्यावर येतो तसा.

आणि आता तुझं पत्र. पोलंडमधल्या वूज शहरातल्या कुणा बोग्ना शेलिगाने तुला लिहिलं, ओळख ना पाळख, की एकतिसाव्या पानावर तुझी असमानता उलट्या दिशेने जाते. आणि तू मला विचारतोस: 'ओळ न ओळ वाचलीस म्हणालीस ना? मग हे दिसलं नाही? तीसुद्धा थाप होती का?'

थाप नव्हती. वाचलं होतं, आणि दिसलं नाही. मला त्या पानावर पोचेपर्यंत ते इतकं आवडायला लागलं होतं की मी तपासायचं सोडून नुसती पुढे जात होते. ती बोग्ना तुझ्यावर लुब्ध नसावी.

काल दिवसभर ते पान घेऊन बसले. तिचं बरोबर आहे. असमानता उलटी आहे. पण तू घाबरून लिहिलंस तसं काही कोसळत नाही. तुझ्या सहाच्या जागी आठ घाल, तीन ओळी खाली तो आठ तसाच चालू दे, आणि बत्तिसाव्या पानाच्या मध्यावर सगळं पुन्हा रुळावर येतं. सोबत कागद जोडलाय, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून बघ. चुकीला चूक म्हणणारी एक बाई वूजमध्ये आहे, तिलाही दाखव.

डीडेरिकचा पेपर हजारोंनी वापरला, सित्से. सतरा वर्षांत एकालाही चौथ्या उपप्रमेयापाशी थांबावंसं वाटलं नाही. तुझा पेपर तीन आठवडे झाले नाहीत तोच एक अनोळखी बाई एकतिसाव्या पानापर्यंत आली, तेही असमानतेची दिशा तपासत. आणि तू मला शिव्या देतोयस. दे.

मी शनिवारच्या बोटीने येतेय, होल्वर्डहून, दुपारची. नको असेल तर लिही, पण या वेळी काय नको ते स्पष्ट लिही. शाळेला सुट्टी आहे हे मी बघून ठेवलंय.

त्याआधी तिला उत्तर लिही, आजच. आणि नवी प्रत टाकताना एकतिसाव्या पानाखाली टीप घाल, की ही चूक बोग्ना शेलिगाने दाखवली. दुरुस्ती मी सुचवली वगैरे लिहू नकोस, ते कुणालाही पाच मिनिटांत जमलं असतं. तिचं नाव मात्र पूर्ण घाल, आडनावासकट, आणि ते कसं लिहायचं ते तिलाच विचारून घे.

हिस्का